नोज व्हीलची थरथर आणि हँगरमधली आपली माणसं



आपल्याकडे होळकरांच्या छत्र्या, शिंद्यांचे सरदार, गायकवाडांची ग्रंथालयं, हैदराबादच्या मराठी शाळा यांवर पुष्कळ लिहून झालंय. दिवाण, गवई, वैद्य, कीर्तनकार सगळ्यांची आठवण निघते. पण हातात पाना घेऊन हँगरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांबद्दल कोणी लिहीत नाही. आमचा मामा तसा होता. टायगर मॉथपासून पुष्पकपर्यंतच्या विमानांचा मेकॅनिक. म्हणून आज एका अगदी बारीक विषयावर लिहितो. छोट्या विमानाचं पुढचं चाक थरथरतं, त्याला शिमी म्हणतात. ही थरथर कुठून आली, लोकांनी ती कशी ओळखली, आणि तिच्यापायी एका मुलीचं शिक्षण कसं बंद पडायला आलं होतं, ते सांगतो.

मी कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत. विमान कधी चालवलं नाही. जे माहीत आहे ते थोडं मामाकडून, थोडं वाचून आणि थोडं नोकरीत समोर आलं म्हणून.

आधी चाकांचा इतिहास. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकंच नव्हती, ते रुळावरून सुटायचं आणि लाकडी घसरपट्ट्यांवर उतरायचं. १९०८ साली अमेरिकेत ग्लेन कर्टिसने जून बग नावाचं विमान उडवलं, त्याला तीन चाकं होती, एक पुढे आणि दोन मागे. म्हणजे पुढचं चाक ही काही नवी गोष्ट नाही. पण नंतर जगाने ती सोडून दिली. पहिल्या महायुद्धापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेक विमानं शेपटीवर बसणारी होती. दोन मोठी चाकं पुढे, आणि शेपटीखाली एक लोखंडी वा लाकडी टेकू किंवा छोटं चाक. कारण सरळ होतं. तेव्हा धावपट्टी म्हणजे गवताचं मैदान. नाक वर असलं की पंखा गवतापासून, खड्ड्यांपासून लांब राहतो. वजनही कमी.

आपल्या मंडळींनी पाहिलेली विमानं तीच. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथ विमान शेपटीवर बसणारं. डाकोटा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवत असेल, आत शिरलं की चढण चढल्यासारखं पुढे जावं लागे. टायगर मॉथला तर शेपटीखाली नुसता टेकूच, ब्रेकसुद्धा नाहीत.

ग्वाल्हेरच्या मंडळींकडे याच्या अगदी उलटा नमुना होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजची समुद्री विमानं माधव सागर तलावावर उतरत. त्यांना चाकांची भानगडच नाही. आमच्या इंदूरला होळकर दरबारने १९३५ साली टाटा कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने बिजासनची जागा निवडली. जुलै १९४८ मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्ली, मुंबई अशी हवाई सेवा सुरू झाली. नवरात्रात आम्ही पोरं बिजासनच्या टेकडीवर देवीच्या जत्रेला जायचो, पण अर्धा वेळ लक्ष खालच्या धावपट्टीकडे. आई दर्शनाच्या रांगेत आणि आम्ही कठड्यावर.

इथे एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पायाच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तिथे घाटगे गेले. १९५१ साली उडालेलं एच.टी.-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या आराखड्याचं. १९५८ साली उडालेलं पुष्पकही त्यांचंच. देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये पोरं पुष्पकवर शिकली. दोन माणसं शेजारी-शेजारी बसत, कापड मढवलेले पंख, ९० अश्वशक्तीचं इंजिन. एच.टी.-२ काय, पुष्पक काय, दोन्ही शेपटीवर बसणारी. मामा पुष्पकला "आपल्या घाटग्यांचं विमान" म्हणायचा, जसं काही घाटगे आमच्या वाड्यातच राहायला होते.

शेपटीवर बसणाऱ्या विमानाचं एक दुखणं होतं. त्याचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. जमिनीवर जरा वाकडं झालं की मागचा भार पुढे यायला बघतो आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना कशी आडवी होते, तसं समजा. याला ग्राउंड लूप म्हणतात. नवशिक्याचे पंखाचे टोक, चाकाचा पाय, कधी विमानच जायचं.

अमेरिकेत फ्रेड विक नावाचा इंजिनिअर होता. तिथल्या सरकारी विमान संशोधन संस्थेत, नाकामध्ये, कामाला. त्याने सहकाऱ्यांबरोबर स्वतःच्या हिमतीवर एक छोटं विमान केलं, डब्ल्यू-१, साल १९३४. त्यात पुन्हा पुढचं चाक आणलं. सामान्य माणसाला बिनधोक उतरवता येईल असं विमान हवं, हा त्याचा हट्ट. पुढे त्याचंच एर्कूप आलं. तीन चाकांच्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे येतं, त्यामुळे ते आपोआप सरळ धावतं. समोरचं दिसतं, ब्रेक मारला तर नाकावर पालथं पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात मोठी विमानंही तीन चाकांवर आली. १९५१ मध्ये पायपर कंपनीने आपल्या पेसर विमानाचं मागचं चाक पुढे नेऊन ट्राय-पेसर विकायला काढलं, आणि १९५६ मध्ये सेसनाने १७२ आणलं. हे १७२ आजवर ४४ हजारांहून जास्त बनलं. इतक्या संख्येनं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही.

पण पुढच्या चाकाबरोबर पुढच्या चाकाचा रोगही घरोघर आला.

शिमी हे नाव मुळात नाचाचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत खांदे थरथरवत करायचा एक नाच आला होता. १९२० च्या दशकात मोटारींना रुंद, कमी हवेचे बलून टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि ठरावीक वेगाला गाड्यांची पुढची चाकं डावी-उजवीकडे नाचायला लागली. स्टिअरिंग हातातून निसटेल अशी. मेकॅनिक लोकांनी त्या थरथरीला नाचाचंच नाव दिलं. फ्रान्समध्ये ब्रुलिए नावाच्या इंजिनिअरने १९२५ सालीच सांगितलं की हा दोष नुसत्या स्टिअरिंगचा नाही, टायर बाजूला सरकतो त्यात याचं मूळ आहे.

विमानांसाठी हे गणित सोडवणाऱ्यांत एक पोरगेलासा माणूस होता, आर्थर कँट्रोविट्झ. जन्म १९१३ चा. विकच्याच संस्थेत कामाला. त्याने छोट्या चाकाचा नमुना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिला. १९४० च्या त्याच्या अहवालात ते सगळं मांडलेलं आहे. जर्मनीत फॉन श्लिपे आणि डीट्रिख या दोघांनी १९४१ मध्ये टायरचं गणित मांडलं. रशियात म्स्तिस्लाव केल्डिश यांनी १९४५ मध्ये तीनचाकी विमानाच्या पुढच्या चाकाच्या शिमीवर काम प्रसिद्ध केलं, १९४६ मध्ये त्यांना त्याबद्दल स्टालिन पारितोषिक मिळालं. हेच केल्डिश पुढे सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. आणि कँट्रोविट्झने पुढे आपल्या शल्यचिकित्सक भावाबरोबर हृदयाला आधार देणाऱ्या बलून पंपावर काम केलं. एका वेड्यावाकड्या चाकाच्या मागे केवढी डोकी लागली होती बघा.

त्यांना सापडलं काय? साध्या शब्दांत सांगतो. दुकानातली सामानाची ढकलगाडी जोरात ढकलली की पुढचं एखादं चाक फडफडतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. पुढचं चाक एका खिळीभोवती वळतं आणि जमिनीला त्या खिळीच्या थोडं मागे टेकतं. चाक जरा वळलं तरी रबर लगेच त्याच्याबरोबर येत नाही. टायर बाजूला लवतो, मागे रेंगाळतो, मग झटक्यात जागेवर येतो आणि पलीकडे जातो. या रेंगाळण्यातून विमानाच्या पुढे जाण्याची थोडी ताकद दर फेरीला त्या डोलण्यात शिरते. झोक्याला दर वेळी योग्य क्षणी हलका धक्का दिला की झोका वाढतच जातो ना, तसं. म्हणून चाक अगदी बॅलन्स्ड असलं, रस्ता काचेसारखा असला, तरीही शिमी होऊ शकते. बॅलन्स बिघडणं ही नुसती ठिणगी. जोडांमधली ढिलाई म्हणजे वाळलेलं गवत. आणि ती आग दाबायला बसवलेला पहारेकरी म्हणजे शिमी डॅम्पर.

सेसनाच्या डॅम्परमध्ये फार काही नसतं. छोटा सिलिंडर, आत तेल, आणि बारीक छिद्राचा पिस्टन. चाक हळू वळवलं तर तेल निवांत पलीकडे जातं. झटक्यात हललं तर तेल अडतं आणि चाकाला आवर बसतो.

आता नोकरीतली गोष्ट. १९८० च्या दशकात मी इंदूरबाहेर एका शहरात शाखेत ऑफिसर होतो. शहराचं आणि तिथल्या फ्लाइंग क्लबचं नाव सांगत नाही, कोणाला दुखवायचं नाही. क्लबचं खातं आमच्याकडे. एकदा सेक्रेटरी तात्पुरत्या ओव्हरड्राफ्टची मागणी घेऊन आले. कारण, सेसना १७२ चा शिमी डॅम्पर बदलायचा आहे, माल परदेशी. मी फाइल काढली. वर्षभरात दोनदा त्याच कारणासाठी पैसे उचललेले. हा तिसरा. मी मंजुरीच्या आधी नेहमीचा प्रश्न विचारला, तीच वस्तू तीन वेळा का? सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, शिकाऊ पोरं विमान आपटतात. एक मुलगी आहे, ती उतरली की नाक थडथडतं. तिचं सोलो बंद केलंय."

ती मुलगी मला माहीत होती. म्हणजे तिचे वडील. शाळेत मास्तर, तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून तिथे आलेलं घर. मुलीच्या उड्डाणाच्या तासांचे पैसे भरायला त्यांनी बायकोच्या पाटल्या आणि तोडे आमच्याच शाखेत तारण ठेवले होते. सोलो बंद म्हणजे तास बंद, तास बंद म्हणजे परवाना नाही, आणि व्याज मात्र चालू. लॉकरमध्ये ती पुडकी मी स्वतः सील केली होती.

प्रस्तावाला जोडायला तांत्रिक टिपण हवं म्हणून मी क्लबात गेलो. तिथे एक म्हातारे मेकॅनिक होते, मूळचे बेळगावचे. सगळे त्यांना काका म्हणत. मी मराठीत बोललो तसे खुलले. म्हणाले, "साहेब, डॅम्परला कशाला दोष देता हो? ते बिचारं मार खाऊन घेतंय की. मारणारा दुसराच आहे."

त्यांनी एक शाळकरी वही काढली. सही करणारा परवानाधारक इंजिनिअर बाहेरगावाहून यायचा, त्याच्यासाठी काकांनी ती ठेवली होती. तारीख, पायलट कोण, थरथर उडताना की उतरताना, साधारण किती वेगाला, नाक उचलल्यावर थांबली की नाही. माझ्यासारख्या बँकेच्या माणसाला वही दिसली की बरं वाटतं. मी नोंदी वाचत गेलो. चार वेगवेगळे पायलट, त्यात खुद्द इन्स्ट्रक्टरही. आणि बऱ्याच नोंदी उड्डाण घेतानाच्या. उड्डाणाच्या धावेत विमान आपटायचा प्रश्नच कुठे येतो? म्हणजे दोष त्या मुलीच्या उतरण्यात नाही, हे त्या वहीतच लिहिलेलं होतं. कोणी वाचलं नव्हतं इतकंच.

काकांनी मग मला सगळा क्रम समजावून सांगितला. तो जसा आठवतो तसा देतो, कारण रोग कुठलाही असो, निदान असंच करतात.

पहिलं, ही थरथर पुढच्या चाकाचीच आहे का? इंजिनाचे फेरे कमी-जास्त केल्यावर थरथर बदलत असेल तर पंखा किंवा इंजिन बघा, चाकाच्या मागे लागू नका. धावताना नाक हलकेच उचललं आणि थरथर तिथेच तुटली, तर ती पुढच्या चाकाची शिमी. विमान हवेत गेल्यावरही थोडा वेळ राहून हळूहळू विरली, तर एखादं चाक बॅलन्स नसताना फिरतंय. त्या वेळी ब्रेक दाबला आणि थांबली तर ते मुख्य चाक, कारण पुढच्या चाकाला ब्रेकच नसतो. शिवाय शिमी ही आडवी असते, पायातल्या पेडलला डावे-उजवे ठोके बसतात. नुसता बॅलन्स बिघडला असेल तर वेग वाढेल तशी थरथर जलद होते. शिमी एका ठरावीक वेगाच्या आसपास एकदम पेटते.

दुसरं, इंजिन बंद करून नाक उचला. काकांनी शेपटीजवळ भक्कम जागी भार देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. चाकाचा चिमटा दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळला आणि मला म्हणाले, डॅम्परच्या दांड्याकडे बघा. चाक चांगलं बोटभर हललं तेव्हा कुठे दांडा हलायला लागला. "बघितलंत? एवढ्या अंतरात डॅम्परला पत्ताच नाही. तेवढ्यात शिमीचं काम होतंय." ही ढिलाई टॉर्क लिंकची होती. कात्रीसारखे दोन दांडे, वरचा पाय आणि खालचा पाय यांना एका रेषेत ठेवणारे. त्यांच्या सांध्यातले बुश झिजलेले, बोल्टही आतून खाल्लेले.

तिसरं, डॅम्पर स्वतः. तेल गळतंय का, आत हवा शिरलीय का, झटक्याला अडतो का. तो ठीक होता. सहा महिन्यांपूर्वीच बदललेला.

चौथं, चाक. जमिनीपासून वर ठेवून हाताने फिरवलं आणि टायरजवळ खडू धरला. एका बाजूला खडू टेकायचा, समोरच्या बाजूला नाही, म्हणजे टायर गोल राहिला नव्हता. चाक मोकळं सोडलं की प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबे, म्हणजे तिथे जड. बेअरिंग फिरवून कानाने ऐकलं, ते चांगलं होतं. हवेचा दाब पुस्तकात दिला आहे तेवढाच हवा, अंदाजाने नाही.

पाचवं, नाकाच्या पायातला स्ट्रट, म्हणजे तेल आणि हवेचा शॉकअप. तो पुस्तकाप्रमाणे भरलेला आहे ना. मग स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं, आणि पाय जिथे इंजिनामागच्या पत्र्याला जोडलाय तिथले बोल्ट, तिथली चीर.

आणि शेवटी पायलट. काकांनी तेही सोडलं नाही. "वेगात, सपाट आणून नाकावर टेकवलं तर चांगलं विमानसुद्धा थरथरतं. स्टिअरिंग पोटाशी धरून ठेवा, नाकावरचा भार कमी करा, हे शिकवायलाच पाहिजे. पण ते शेवटी बघायचं. आधी यंत्र."

मी विचारलं, मग डॅम्पर बदलल्यावर दोन्ही वेळा थरथर थांबली कशी? काका म्हणाले, "नवा गडी आहे, चार दिवस जोर लावतो. रोग आत तसाच."

मला तिथे आमची सस्पेन्स अकाउंटची पद्धत आठवली. ताळेबंद जुळत नाही तेव्हा फरक सस्पेन्समध्ये टाकतात. पत्रक जुळतं, सगळे घरी जातात. फरक मात्र तसाच बसून असतो, आणि वर्षअखेरीला मोठा होऊन वर येतो. वारंवार बदललेला डॅम्पर म्हणजे सस्पेन्स अकाउंट.

मी प्रस्तावावर लिहिलं की आधी टॉर्क लिंकचे बुश, बोल्ट आणि टायर यांचा खर्च मंजूर व्हावा, डॅम्परची रक्कम त्यानंतर गरज पडल्यास. रक्कम इतकी लहान झाली की ओव्हरड्राफ्टची गरजच उरली नाही. काकांचा हट्ट होता, एका वेळी एकच बदल. आधी बुश आणि बोल्ट, ढिलाई पातळ वॉशर घालून काढली. विमान पट्टीवर पळवून बघितलं, थरथर खूप उतरली, पण थोडी राहिली. मग टायर बदलून चाक बॅलन्स केलं. ती राहिलेली पण गेली. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने किती फरक पडला ते कळलंच नसतं. परवानाधारक इंजिनिअरने तपासून सही केली.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यावर खर्च, नवा पार्ट दिसतो तरी, झिजलेला बुश दिसत नाही. आणि शिकाऊ मुलगी म्हटल्यावर दोष कुठे ठेवायचा हे लोकांना फार लवकर ठरवता येतं. पण वही समोर ठेवल्यावर इन्स्ट्रक्टरने स्वतः तिच्याबरोबर तीन फेऱ्या मारल्या आणि तिचं सोलो पुन्हा सुरू केलं. तिला कोणी सॉरी म्हटलं असं मला आठवत नाही. तिने तास पुरे केले, परवाना काढला. वर्ष-दीड वर्षाने मास्तर शाखेत आले, उरलेलं मुद्दल आणि व्याज भरलं, पाटल्या-तोडे मोजून घेतले आणि काउंटरवर पेढ्यांचा पुडा ठेवला. पहिला पेढा हँगरमध्ये देऊन आलो, असं म्हणाले.

कोणी म्हणेल, चाक थरथरलं तर थरथरलं, त्यात एवढं काय? तर ऐका. शिमी चालू दिली की टॉर्क लिंकचा बोल्ट तुटू शकतो. पाय बसवलेल्या जागेला चीर जाते. समोरची घड्याळं ढिली होतात. आणि अगदी शेवटी नाकाचा पाय मोडला तर पंखा जमिनीवर आपटतो, इंजिन उघडावं लागतं. थोडक्या पैशांच्या बुशने सुरू झालेली गोष्ट तिथे जाते, आणि आत माणूस बसलेला असतो.

मामाला मी ही हकीकत सुट्टीत सांगितली. तो हसला. म्हणाला, "पुढच्या चाकालाच होतं असं समजू नकोस. शेपटीच्या चाकालाही होतं. मागची पट्टी-स्प्रिंग बसली की चाकाची खिळी चुकीच्या बाजूला कलते, आणि पुष्पक शेपूट हलवायला लागायचं." म्हणजे गोऱ्या लोकांनी पट्ट्यावर चाक चालवून जे गणित मांडलं, त्याची प्रॅक्टिकल आमच्या मामाने पुष्पकच्या शेपटीखाली पाठीवर पडून केलेली. कँट्रोविट्झचं नाव त्याने कधी ऐकलं नसेल. पण खिळीचा कल किती हवा, ते त्याला माहीत होतं.

ही माणसं आली कुठून, याचा विचार मी नंतर बराच केला. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज आले, तो पहिला थर. मग कारकून, वकील, शिक्षक, तो दुसरा. तिसरा थर विसाव्या शतकातला, हाताने काम करणारा. वडोदऱ्याला सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते अशाच शिक्षणासाठी. दादासाहेब फाळके तिथे शिकले हे आपण सांगतो, पण तिथून आणि अशा इतर शाळांतून निघालेले फिटर, टर्नर, मेकॅनिक रेल्वेत, गिरण्यांत, हँगरांत गेले, ते आपण सांगत नाही. वरती घाटग्यांसारखा डॉक्टरेट झालेला माणूस आणि खाली झिजलेला बुश हाताने ओळखणारा मेकॅनिक, या दोघांमध्ये विमान उभं राहतं. एकाचं नाव पुस्तकात आहे. दुसऱ्याचं नाव घरच्यांना तरी आठवावं.

काका केव्हाच गेले. क्लबची जुनी विमानं भंगारात गेली असतील. आता बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने केलेलं हंसा आहे, तेही तीनचाकी. चाक आहे, टायर आहे, तोवर शिमी आहे. तिचं निदानही तसंच राहणार. विचारा, बघा, हलवून बघा, लिहून ठेवा, एका वेळी एकच बदला, आणि माणसाला दोष देण्याआधी यंत्र तपासा.

मंडळी, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, कुठलेही असा. तुमच्या घरात कोणी विमानाचा, रेल्वेचा, गिरणीचा मेकॅनिक होऊन गेला असेल तर त्याच्याबद्दल चार ओळी लिहा. त्यांच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका, आधी उघडून बघा. अशाच एका वहीने मास्तरांच्या मुलीचं विमान पुन्हा हवेत नेलं होतं.

आपला स्नेही,
एक निवृत्त बँकवाला, इंदूर